धातूच्या घोडेस्वाराचा भाल्याचा हात तिसऱ्यांदा निखळला, जोडणी आणि रंगकामासाठी मदत हवी

केळणाकाठ:

नमस्कार मंडळी. मी प्लास्टिकचे रणगाडे आणि विमानं सात-आठ वर्षं करतोय, पण धातूची मिनिएचर (टेबलावर लढाई खेळायचे छोटे सैनिक) आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतली आहेत आणि आठ दिवस झाले एकाच स्वारावर अडकलोय. थोडं सविस्तर लिहितो म्हणजे सांगणाऱ्याला सोपं जाईल.

माझं आजोळ भोकरदनकडचं. लहानपणी मामा सायकलवर पुढे बसवून आसईला घेऊन जायचा, केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधली ती जमीन दाखवायचा आणि इथे इंग्रजांशी मोठी लढाई झाली एवढंच सांगायचा. त्याला तारीख-बिरीख माहीत नव्हती. २३ सप्टेंबर १८०३, शिंदे आणि नागपूरकर भोसले एका बाजूला आणि इंग्रजांचा सेनापती वेलस्ली दुसऱ्या बाजूला, हे सगळं मी नंतर वाचलं. तेव्हापासून डोक्यात आहे की ही लढाई टेबलावर मांडायची, खेळायची. माझ्या मित्राकडे इंग्रजांची बाजू जवळजवळ तयार आहे, ७४वी आणि ७८वी हायलँडर्स या दोन्ही स्कॉटिश पलटणी रंगवून झाल्यात. मराठ्यांची बाजू माझ्याकडे. तो दिवाळीत येणार आहे आणि तोपर्यंत निदान १२ स्वार उभे करायचेत.

स्वार २८ मिमीचे आहेत, बाहेरून मागवलेले. घोडा दोन अर्ध्या भागांत येतो, स्वार वेगळा, उजवा हात भाल्यासकट वेगळा, ढाल वेगळी. आता अडचणी सांगतो. भाल्याचा हात सुपरग्लूने चिकटवला, सकाळी बघतो तर टेबलावर पडलेला. परत चिकटवला, या वेळी जास्त ग्लू घातला, दोन दिवस टिकला आणि उचलताना शर्टाची बाही लागली तर टकन निखळला. तिसऱ्यांदा तर प्रायमर (रंगाच्या आधीचा अस्तराचा हात) मारल्यावर गेला. प्लास्टिकला मॉडेलचं सिमेंट, म्हणजे त्याचा खास ग्लू, लावलं की दोन्ही बाजू विरघळून एकजीव होतात, इथे तसं काहीच होत नाही, ग्लूची एक काचेसारखी पापडी खांद्यावर राहते आणि हात वेगळा.

दुसरं म्हणजे भालाच धातूचा आणि इतका मऊ आहे की सरळ केला की परत वाकतो, दोनदा केलं की तुटेल असं वाटतं. तिसरं, घोड्याच्या पाठीवरून पोटापर्यंत दोन भागांमधली फट नखाने जाणवते. आणि चौथं प्रायमर. पुण्यात आठ दिवस पाऊस थांबलेला नाही, बाल्कनीत उभं राहून गाड्यांच्या दुकानातला स्प्रे प्रायमर मारला आणि घोड्याच्या मानेवर बारीक रव्यासारखं काहीतरी बसलंय, बोट फिरवलं की खरखर लागतं.

आता हा एक स्वार टाकून द्यायचा का यातून परत येता येतं? आणि रंग कोणते द्यायचे, मराठी घोडदळाला गणवेश होता का, याबद्दलही कोणी सांगितलं तर फार मदत होईल.


रंगारी_मिरज:

अजिबात टाकून देऊ नका! धातूच्या मॉडेलची हीच तर मोठी सोय आहे की ते कितीही वेळा पहिल्यापासून सुरू करता येतं, प्लास्टिकला ती मुभा नाही. मी गेली अकरा वर्षं धातूचीच करतोय त्यामुळे हात गळण्याचा प्रकार मला चांगला माहितीये.

सुपरग्लू ओढायला घट्ट असतो पण कडक आणि ठिसूळ असतो, आडवा धक्का किंवा पीळ बसला की तडकतो. तुमच्या स्वाराचा हात म्हणजे खांद्यावर मिरीएवढी जागा आणि त्याला लटकलेला पाच-सहा सेंटीमीटरचा भाला, म्हणजे तरफच झाली की, भाल्याच्या टोकाला जरा धक्का लागला तरी सगळा जोर त्या मिरीएवढ्या जागेवर येतो. जास्त ग्लू घातल्याने ते आणखी बिघडतं कारण जाड थर नीट वाळतही नाही आणि ताकदही कमी. म्हणून ग्लूवर विसंबायचंच नाही, आत पिन घालायची.

त्यासाठी पिन वाइस लागेल, म्हणजे बोटांनी फिरवायचं छोटं ड्रिल, आणि ०.८ किंवा १ मिमीचे बिट. पुण्यात आहात तर तपकीर गल्लीत सर्किट बोर्डाला भोकं पाडायचे बारीक बिट मिळतात, चार-पाच घेऊन ठेवा कारण पहिले दोन मोडणारच. पिनेसाठी यू-पिन किंवा साधी टाचणी चालते.

आधी खांद्यावरची आणि हातावरची जुनी ग्लूची पापडी पूर्ण खरवडा. मग दाभणाच्या टोकाने हाताच्या जोडाच्या बरोबर मध्ये एक खड्डा करा, नाहीतर बिट घसरतं आणि थेट तुमच्या बोटात जातं (माझ्या डाव्या अंगठ्यावर खूण आहे). ड्रिल हळू फिरवायचं, दाबायचं नाही. हा धातू मऊ असल्यामुळे बिटच्या खाचांमध्ये चिकटून बसतो, म्हणून चार-पाच वेढे झाले की बाहेर काढून पुसायचं, परत घालायचं. बिटला मेणबत्तीचं मेण जरासं लावलं तर सुळकन जातं, फक्त नंतर ते मेण पुसून घ्यायला विसरू नका. हातात ३ मिमी खोल गेलात की पुरे.

आता खांद्यावर समोरासमोर भोक कसं येणार? हाताच्या भोकात यू-पिनेचा तुकडा ग्लू न लावता बसवा, बाहेर जेमतेम १ मिमी ठेवा. त्या टोकावर लाल रंगाचा टिपका लावा आणि हात खांद्यावर जसा बसायला हवा तसा धरून एकदाच टेकवा, सरकवू नका. हात उचलला की खांद्यावर लाल ठिपका दिसेल, तिथेच भोक. चुकून जरा बाजूला गेलं तर खांद्यावरचं भोक थोडं मोठं करून घ्या, मोकळ्या जागेत ॲरल्डाइट भरेल.

हो, इथे ॲरल्डाइट वापरा, सुपरग्लू नाही. दोन ट्यूबवालं, संथ वाळणारं. समप्रमाणात घेऊन काडेपेटीच्या काडीने चांगलं घोटायचं, पिनेला लावायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. स्वार आडवा झोपवून हाताखाली मुलांच्या क्लेचा गोळा टेकू म्हणून ठेवला की हलत नाही. सकाळी तुम्ही भाल्याला धरून घोड्यासकट अख्खा स्वार उचलू शकाल, मी खरंच उचलून बघतो प्रत्येक वेळी.

भाला मात्र तो ठेवूच नका. मुठीच्या वर आणि खाली कापून टाका, मुठीतून १ मिमीचं भोक आरपार पाडा आणि स्टीलची तार ओवा. हार्डवेअरमध्ये कडक तार मिळते, गिटारची जाड तारही चालते. तारेचं टोक हातोडीने जरा चपटं करून कानशीने पात्यासारखं घासायचं. टोक फार धारदार ठेवू नका, टेबलावर वाकून खेळताना डोळ्याला लागेल, हे मी मनापासून सांगतोय. मुठीतून भोक पाडणं हे सगळ्यात नाजूक काम, घाई केली तर स्वाराची बोटं फाटतात. घरात चांगला उजेड असेल तेव्हाच, सकाळी करा.


ट्रेंटकाठ:

मी चार वर्षं नॉटिंगहॅमला आहे. या भागाला खेळणारे लोक लीड बेल्ट, म्हणजे शिशाचा पट्टा, म्हणतात, मिनिएचरच्या इतक्या कंपन्या या एका पट्ट्यात आहेत. सिटाडेल, वॉरलॉर्ड, पेरी, फाउंड्री सगळे इथलेच.

रंगारींनी जोडाचं सगळं बरोबर सांगितलंय, पण तुमचा ग्लू पहिल्याच रात्री सुटला याचं कारण बहुतेक त्याच्याही आधीचं आहे. ही मॉडेल ओततात कशी ते बघितलं की लक्षात येतं. रबराच्या दोन गोल चकत्या, त्यात मॉडेलचे आकार कोरल्यासारखे उमटवलेले, मध्ये भोक. चकत्या एकमेकींवर दाबून गरगर फिरवतात आणि मधल्या भोकात वितळलेला धातू ओततात, फिरण्याच्या जोराने तो कडेपर्यंत प्रत्येक बोटात, प्रत्येक तलवारीत घुसतो. धातू रबराला चिकटू नये म्हणून साच्यावर टाल्कसारखी पावडर मारतात आणि ती पावडर मॉडेलवर तशीच राहते. तिच्यावर ग्लू लावला तर ग्लू पावडरला चिकटतो, धातूला नाही. प्रायमरचंही तेच.

म्हणून पाकीट उघडल्यावर पहिलं काम, भांडी घासायचं लिक्विड, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश. चांगलं घासून धुवायचं आणि पूर्ण वाळू द्यायचं. बेसिनमध्ये गाळणी ठेवा, माझी एक ढाल अशीच मोरीतून गेली.

दोन चकत्या जिथे मिळतात तिथे मॉडेलवर एक बारीक रेघ उठते, घोड्याच्या मानेवर आणि स्वाराच्या बाहीवर नक्की दिसेल. हवा बाहेर जायच्या वाटेत धातूचे केसासारखे धागे राहतात, ते ब्लेडने कापा. रेघ मात्र ब्लेडच्या पाठीने खरवडा नाहीतर सोनार वापरतात तसल्या बारीक कानशीने घासा आणि शेवटी ६०० नंबरचा वॉटरपेपर. कच्च्या धातूवर ती रेघ दिसत नाही म्हणून लोक सोडून देतात, आणि रंग चढला की घोड्याच्या गालावरून व्रण गेल्यासारखी उठून येते.

एक कळकळीची सूचना. हल्लीची बरीच मॉडेल कथलाची, शिसं नसलेली असतात, पण जुन्या साठ्यातली किंवा सेकंडहँड घेतलेली असतील तर त्यात शिसं असू शकतं. कागदावर घासल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटली आणि धातू अगदीच मऊ लागला तर शिसं आहे असंच धरा. तुमचा भाला इतका वाकतोय म्हणून विचारतोय. अशा वेळी घासताना वॉटरपेपर ओला ठेवा म्हणजे धूळ उडत नाही, काम जेवणाच्या टेबलावर करू नका, खाली वर्तमानपत्र घालून नंतर ते गुंडाळून टाका, काम करताना चहा-बिस्किट जवळ नको आणि उठल्यावर हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल तर हे अजिबात टाळू नका. आणि शिशाची मॉडेल नव्या लाकडी कपाटात बंद करून ठेवू नका. लाकडातून ॲसिटिक ॲसिडची वाफ सुटते आणि काही वर्षांत मॉडेलवर पांढरी भुकटी चढते, धातूच खाल्ला जातो. माझ्याकडे एका जुन्या संग्रहातले सहा स्वार असे आले होते, दोघांचे चेहरे उरलेच नव्हते, बघून फार वाईट वाटलं.


केळणाकाठ:

धुवायचं मला सुचलंच नाही, प्लास्टिकलाही सांगतात पण मी कधी केलं नव्हतं. कागदावर घासून बघितलं, रेघ उमटत नाही, म्हणजे शिसं नसावं. घरात तीन वर्षांची मुलगी आहे तरी सगळं बाहेरच्या खोलीत हलवलं.

आता हा रव्यासारखा प्रायमर कसा काढू?


रंगारी_मिरज:

गाडीचा प्रायमर असेल तर ॲसिटोन. खिडकी उघडी, हातमोजे, झाकण असलेल्या काचेच्या बरणीत तासभर बुडवून ठेवा आणि टूथब्रशने घासा. प्रायमरबरोबर सुपरग्लूही सुटेल, म्हणजे घोडा परत दोन भागांत येईल, ते बरंच आहे. फक्त प्लास्टिकचा बेस (मॉडेलखालचा पाया) असेल तर आधी काढून घ्या, ॲसिटोनमध्ये तो विरघळून चिखल होईल. ॲक्रेलिक रंग काढायचे असतील तर इंग्लंडमधले लोक डेटॉलमध्ये रात्रभर ठेवतात, मीही करतो, पण त्यात पाणी लागू द्यायचं नाही, पाणी लागलं की सगळा चिकट डिंक होतो. घासून झाल्यावर आधी पाणी न लागलेल्या डेटॉलमध्येच परत बुडवून काढायचं आणि मगच साबण-पाणी.

रवा का झाला तर हवेतला ओलावा आणि लांबून मारलेला स्प्रे. बाटलीतून निघालेला थेंब मॉडेलपर्यंत पोचायच्या आत अर्धा वाळतो. पावसाळ्यात मी स्प्रे वापरतच नाही, ब्रशने लावायचा ॲक्रेलिक प्रायमर वापरतो, दोन पातळ हात, मध्ये चार-पाच तास आणि मग एक दिवस पूर्ण सोडायचा. पहिला हात बघून घाबरू नका, चट्टेपट्टे दिसतात, दुसऱ्यात बसतं.

घोड्याची फट ग्रीन स्टफ नावाच्या पुट्टीने भरा, निळी-पिवळी पट्टी मळली की हिरवी होते ती. दीड-एक तास मऊ राहते आणि ओल्या बोटाने गुळगुळीत होते. नाही मिळाली तर एम-सील चालतं, ते दगडासारखं होतं आणि छान घासता येतं, पण त्याचा कण जाड आहे त्यामुळे आयाळीसारखं बारीक काम त्यात होत नाही.


मृगाचा_पाऊस:

रंगांबद्दल मी लिहिते, माझा जीव या घोड्यांवर जास्त आहे :)

दादा, गणवेश शोधत बसू नका. शिंद्यांच्या कवायती पलटणींना गणवेश होते, त्या शिंद्यांच्या नोकरीतल्या पोलमान या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली लढल्या, पण हे स्वार वेगळे. यात दोन प्रकार, बारगीर आणि शिलेदार. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळायचा आणि शिलेदार स्वतःचा घोडा, स्वतःची हत्यारं घेऊन यायचा. म्हणजे बारा शिलेदार रंगवायचे तर बारा घरांतून आलेले बारा माणसं दिसायला हवीत, एकाचं पागोटं तांबडं, एकाचं मळखाऊ पांढरं, एकाचा कापूस भरलेला डगला विटलेला निळा. एकाच रंगाची बाटली उघडून बाराही पागोटी ओळीने रंगवायचा मोह होतो, वेळ वाचतो म्हणून. तो टाळा. मी चार-चारचे गट करते आणि प्रत्येक गटात एक रंग फक्त एकालाच देते.

घोड्यांचंही तसंच. आपल्याकडे रंगांना किती सुंदर नावं आहेत बघा, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी अंग आणि आयाळ, शेपूट, पायांची खालची बाजू काळी. अबलख म्हणजे पांढरे-काळे मोठे डाग. आणि पंचकल्याणी, चारही पाय पांढरे आणि तोंडावर पांढरा पट्टा. बारापैकी एक पंचकल्याणी नक्की करा, सरदाराच्या खाली द्या, टेबलावर तीन फुटांवरून ओळखू येतो.

कुमैत सगळ्यात सोपा, त्याच्यापासून सुरू करा. आधी तांबूस तपकिरीचा सपाट हात, पातळ ताकासारखा रंग, दोन वेळा. वाळल्यावर गडद तपकिरीचं पाणी करून सगळीकडे सोडायचं, ते स्नायूंच्या खाचांमध्ये जाऊन बसतं, पोटाखाली थेंब साचला तर कोरड्या ब्रशने टिपून घ्या. मग मूळ रंगात थोडा मातकट पिवळा मिसळून फक्त वर आलेल्या जागांवर, म्हणजे पुठ्ठा (घोड्याचा मागचा भाग), खांदा, मानेची कमान, नाकाचं हाड. काळ्या पायांना शुद्ध काळा देऊ नका, काळ्यात थोडा तपकिरी घाला, आणि गुडघ्याजवळ काळा आणि तांबूस एकमेकांत ओल्या ओल्यातच मिसळून घ्या, तिथे रेघ दिसली की मोजा घातल्यासारखा वाटतो.

पांढऱ्या घोड्याला तर पांढऱ्याने सुरुवात नकोच. फिकट करडा द्या, खाचांत पातळ तपकिरी, आणि पांढरा अगदी शेवटी, पुठ्ठ्यावर आणि कपाळावर. पागोट्याच्या तांबड्याखाली काळा प्रायमर असेल तर पाच हात दिले तरी तो मरगळलेला राहील, म्हणून आधी तिथे विटकरी किंवा गुलाबी द्या. भगव्यालाही तेच.

आता भाला. रंगारींनी तार सांगितली आहे ती उत्तम, पण मराठ्यांचा भाला लांब आणि दांडा बांबूचा, म्हणून तारेला नुसता तपकिरी फासू नका. फिकट पिवळट रंग द्या आणि दर ५-६ मिमीवर बारीक ब्रशने गडद तपकिरीचं एक वळं काढा, त्याच्या लगेच वर अगदी फिकट रंगाचं अर्धं वळं. पेरं दिसायला लागतात. मी पहिल्यांदा केलं तेव्हा माझ्या आजीने चष्मा लावून बघितलं आणि वेळू आहे का गं हा, असं विचारलं, तेवढ्याने महिन्याभराची मेहनत वसूल झाली. ढाल काळी, तिच्यावर चार पितळी फुलं असतात, ती कोरलेली असतीलच, तिथे टोकाने सोनेरी ठिपका.

एक तक्रार मात्र आहे, बाहेरच्या कंपन्यांचे घोडे फार थोराड असतात, युरोपातल्या घोडदळाचे. आपली भीमथडीची तट्टं बुटकी, काटक. काही करता येत नाही, पण घोड्याखालचा धातूचा पातळ तुकडा बेसमध्ये खोल बसवला तर दोन मिमी उंची कमी होते आणि तेवढ्यानेही फरक पडतो.

साधा डबा, त्यात ओला टिशू पेपर आणि वर बटर पेपर ठेवून त्यावर रंग काढा, झाकण लावलं की दुसऱ्या दिवशीही ओला राहतो, बारा स्वार एकाच छटेत पुढे न्यायला त्याचा उपयोग होतो.


ट्रेंटकाठ:

मृगाचा_पाऊस, बांबूच्या पेरांची युक्ती मी आजच करणार.

केळणाकाठ, अजून एक, तुम्हाला आवडेल असं. त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूलाही म्हैसूरचे आणि पेशव्यांचे स्वार होते. म्हणजे हेच शिलेदार, अशीच पागोटी, दुसऱ्या काठावर. तुमचा मित्र ते विसरला असेल तर त्याला सांगा, तुमच्या साच्याचेच चार-सहा स्वार त्याला लागतील. आणि मराठी घोडदळ आसई गावाजवळ ७४व्या हायलँडर्सवर तुटून पडलं तेव्हा ती पलटण जवळजवळ कापली गेली होती, इंग्रजांच्या घोडदळाची १९वी लाइट ड्रॅगून्स आली म्हणून उरली. तुम्ही नेमके त्या क्षणाचे स्वार करताय.


केळणाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहितोय.

ॲसिटोनमध्ये टाकला, सगळं निघालं, घोडा दोन भागांत आला. धुतला, वाळवला. बिट तीन मोडले. हाताच्या पिनेचा लाल ठिपका पहिल्या वेळी खांद्याऐवजी मानेवर पडला कारण मी हात तिरका धरला होता, दुसऱ्यांदा नीट आला. ॲरल्डाइट लावून क्लेवर झोपवला आणि रात्री दोनदा उठून बघितलं. सकाळी भाल्याला धरून उचलला, आला! बायकोला उठवून दाखवला.

ब्रशचा प्रायमर दोन हात झाला, मानेवर आता बोट फिरवलं की काही लागत नाही. घोडा कुमैत केलाय, गुडघ्याजवळची मिसळ दोन पायांवर जमली, मागच्या डाव्या पायावर रेघ राहिली आहे, ती परत ओली करून बघतो. भाल्याची पेरं काढली, नऊ आली. पागोट्याखाली विटकरी दिलाय आणि त्यावर तांबड्याचा एक हात झालाय.

मामाला व्हॉट्सअपवर फोटो पाठवला. त्याचा लगेच फोन आला, म्हणाला लगाम कुठंय? मग बघितलं तर खरंच लगाम साच्यात अर्धाच आलाय, तोंडापासून मुठीपर्यंतचा भाग नाहीच. मृगाचा_पाऊसताई, याला काय वापरू, बारीक तार का ग्रीन स्टफची सुरळी?


मृगाचा_पाऊस:

मामांना नमस्कार सांगा! ग्रीन स्टफ नको, वाळताना लोंबते. जुन्या चार्जरची वायर सोलून आतली तांब्याची एक तार घ्या, ती आधी गॅसवर तापवून थंड करा म्हणजे मऊ पडेल, आणि मग हलकेच हातोडीने चपटी करा, चामड्याच्या पट्टीसारखी दिसते. एक टोक तोंडाशी सुपरग्लूने, दुसरं मुठीखाली, आणि मध्ये थोडी ढिली सोडा, घोडा धावतोय ना. तांबड्याचा दुसरा हात द्यायच्या आधी करा हे, नाहीतर बोटाचे ठसे पागोट्यावर येतील.